कामठीची छावणी आणि म्हातारपणाची तरतूद

सीताबर्डीच्या लढाईनंतर चार वर्षांनी, १८२१ मध्ये, इंग्रजांनी नागपूरजवळ कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसवली. तिथे मद्रास फौजेच्या पलटणी आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांना लागू असलेले मदतीचे फंडही आले.

त्यातला मद्रास मिलिटरी फंड १८०८ चा. गोरे अंमलदार त्यात वर्गणी भरत आणि त्यांच्यामागे विधवेला, मुलांना निर्वाहाचे पैसे मिळत. लॉर्ड क्लाइव्ह फंड त्याहून जुना, १७७० चा. बंगालचा नवाब मीर जाफर याने क्लाइव्हच्या नावे ठेवलेल्या पाच लाख रुपयांतून तो उभा राहिला आणि जायबंदी गोऱ्या सैनिकांना, त्यांच्या विधवांना आधार देऊ लागला. देशी शिपायाला या दोन्ही फंडांत जागा नव्हती. त्याची भिस्त सरकारी पेन्शनवर आणि घरच्यांवर.

देशी नोकरदारासाठी विम्याची एक वाट टपाल खात्याने उघडली. १ फेब्रुवारी १८८४ ला टपाल जीवन विमा सुरू झाला, तो खात्यातल्या माणसांपुरता. कमाल रक्कम ४,००० रुपये. १८९४ मध्ये खात्यातल्या स्त्री कर्मचाऱ्यांनाही त्यात घेतलं. पुढे इतर सरकारी नोकर आणि सैनिकही आले. पण हा विमा जिवाचा होता, सांभाळाचा नव्हता.

आजारपणाची सोय बऱ्याच उशिरा झाली. माजी सैनिकांची ईसीएचएस योजना एप्रिल २००३ मध्ये आली. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरली की पेन्शनर, पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आई-वडील यांना उपचार मिळतात. गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र असलेल्या कामठीत या योजनेचं कार्ड अनेक घरांत सापडेल.

दवाखान्यातून घरी आल्यावर कूस बदलायला, अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागतो, त्याचं काय? अमेरिकेने सरकारी नोकर, सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी २००२ मध्ये नेमका याचाच विमा काढला. हिशेब चुकला, २०१६ मध्ये हप्ते सरासरी ८३ टक्क्यांनी वाढले आणि डिसेंबर २०२२ पासून नवे अर्ज घेणं थांबलं.

आपल्याकडे सेवेत १०० टक्के अपंगत्व आलेल्या पेन्शनरला परिचारक भत्ता आहे. २०१७ मध्ये तो महिना ६,७५० रुपये झाला. पण ऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेला हवालदार त्यात बसत नाही. वयामुळे मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ तेवढी मिळते. त्यात दिवसभराची बाई ठेवायची की मुलाने रजा काढायची, हे त्याच्या घरातच ठरतं.