कुलाब्याच्या चुंबकनोंदींची कुळकथा

भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव कोसा विणणाऱ्यांचं. रेशमाचा तंतू किती हलका आणि तरी किती चिवट, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात याच गुणांसाठी वेधशाळांमध्ये चुंबकपट्टी न पिळलेल्या रेशमी तंतूंना टांगत. पिळाचा अडथळा जवळजवळ नसल्यानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किंचित हललं, तरी पट्टी वळे.

मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 ची. चुंबकीय नोंदी 1841 पासूनच्या. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक कॅरिंग्टननं सूर्यावर प्रखर झळाळी पाहिली. दुसऱ्या दिवशी कुलाब्यात क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी घसरला. हे आकडे दुर्बिणीतून पट्टीची हालचाल पाहत माणसांनी हातानं लिहिलेले आहेत.

अशी घसरण घडते ती सूर्याकडून येणाऱ्या प्लाझ्मामुळे, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूमुळे. तो इतका विरळ, की पृथ्वीजवळच्या कणाला दुसऱ्याशी टक्कर होईपर्यंत साधारण सूर्य-पृथ्वी अंतराएवढी वाट तुडवावी लागते. खोलीतल्या हवेत टकरींमुळे ऊर्जा वाटली जाऊन सगळ्यांचं एकच तापमान ठरतं. इथं ते होत नाही. वेगवान कण वेगवानच राहतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची तापमानंही निराळी असतात. उष्णता चुंबकीय रेषांच्या दिशेनं सहज वाहते, त्यांना छेदून मोठ्या कष्टानं. वेगवान कणांची लांब शेपटी असलेल्या या वेगवाटपासाठी भौतिकशास्त्रज्ञ व्हासिलिऊनास यांनी 1968 मध्ये वापरलेलं 'कापा' सूत्र आजही चालतं.

क्षेत्र हलवणाऱ्या चुंबकीय वादळात असे कण पृथ्वीच्या क्षेत्रात अडकतात. प्रोटॉन पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे, आणि पृथ्वीभोवती विद्युतप्रवाहाचं कडं तयार होतं. ते जमिनीवरचं क्षेत्र कमी करतं. कड्यातला प्रोटॉन विरळ हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन होतो आणि निसटतो. हे सावकाश चालतं, म्हणून क्षेत्र सावरायला दिवस लागतात. 1859 च्या घसरणीत कड्याचा वाटा किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण वाद घालायला आकडे आहेत ते कुलाब्याचे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. तिच्या प्रवाहानं चुंबक बिघडले असते. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 मध्ये वेध अलिबागला हलले. जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून 1906 पर्यंत दोन्हीकडे वाचन चाललं. हा निर्णय मला या कुळातला सर्वांत शहाणा वाटतो.

2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी त्सुरुतानी व गोन्झालेझ यांच्यासोबत त्या जुन्या आकड्यांवरून 1859 च्या वादळाची तीव्रता मोजली. अलिबागची वेधशाळा आजही तेच क्षेत्र नोंदवते आहे.