शाळा बुडवली, ती कशासाठी?



पोरीनं शाळा बुडवली असं कानावर आलं की आपल्या पोटात गोळा येतो. आपल्यातल्या कितीतरी जणींची शाळा चौथी-सातवीतच सुटली. कुणाची धाकटी भावंडं सांभाळायला, कुणाची पाणी भरायला. म्हणून लेकींची शाळा आपण जिवापाड जपतो. आज मात्र मुद्दाम शाळा बुडवणाऱ्या एका मुलीची गोष्ट आम्ही सांगणार आहोत. आधी ऐका, रागवायचं ते मग रागवा.

ही मुलगी स्वीडनची. युरोपातला हा थंड देश. पण २०१८ साली तिथंही उन्हाळा कडक झाला, जंगलांत वणवे पेटले. त्या वर्षी २० ऑगस्टला पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळेत गेलीच नाही. स्टॉकहोमला संसदेबाहेर जाऊन बसली. सोबत एक पाटी, तिच्यावर लिहिलेलं, 'हवामानासाठी शाळेचा संप'. पहिल्या दिवशी ती एकटीच होती. ९ सप्टेंबरला देशात निवडणूक होती. तोवर ती शाळेच्या वेळेत रोज तिथं बसली आणि त्यानंतर दर शुक्रवारी.

शाळा बुडवणं तिच्या वडिलांनाही पसंत नव्हतं. पण तिचं म्हणणं काय होतं? ती आठेक वर्षांची असताना तिला हवामान बदलाबद्दल सांगितलं गेलं. दिवे बंद करा, कागद वाचवा, असं शिकवलं गेलं. तिला प्रश्न पडला, संकट एवढं मोठं आहे, तर मोठी माणसं दुसरं काही बोलतातच कशी? जे शिकवता ते तुम्हीच मानत नसाल, तर आम्ही शिकायचं कशासाठी?

हा प्रश्न देशोदेशीच्या मुलांना आपला वाटला. १५ मार्च २०१९ ला शंभराहून जास्त देशांत दहा लाखांवर मुलं शाळा सोडून रस्त्यावर आली. सरकारं चिडली. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तर आधीच संसदेत बजावलं होतं, की मुलांनी शाळेत शिकावं, चळवळी करू नयेत. पण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या २६ हजारांहून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून सांगितलं, की मुलांचं म्हणणं खरं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इटलीच्या शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं, की शाळेत वर्षाला ३३ तास हवामान बदल शिकवला जाईल. संपावर गेलेल्या मुलांमुळं अभ्यासक्रमावर बोलणं सुरू झालं.

आपल्या देशात काय? सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगितलं होतं, की शाळांत पर्यावरण शिकवा. आपल्या मुलांच्या दप्तरात 'परिसर अभ्यास'चं पुस्तक आहेच. मुलं धडा पाठ करतात, परीक्षा देतात. पण गावची विहीर कधी आटते, हे त्या वहीत येतं का?

उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडेनं असंच विचारलं. २०१३ साली केदारनाथच्या महापुरानं तिचं राज्य हादरलं. २०१७ साली, अवघ्या नऊ वर्षांची असताना, ती सरकारविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडं गेली. २०१९ साली तिची याचिका निकाली निघाली, पण ती थांबली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रेटासह सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडं तक्रार केली, त्यांत रिद्धिमाही होती.

तरी एक फरक आम्हाला सांगायलाच हवा. ग्रेटानं शाळा स्वतः होऊन बुडवली. तिची जागा वर्गात शाबूत होती. आपल्याकडं दुष्काळ पडला, की हंडा घेऊन जाणाऱ्या मुलीची शाळा तिला न विचारता बुडते. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर मुलं जातात, त्यांचीही बुडते. त्याला कुणी संप म्हणत नाही. युनिसेफच्या अहवालाप्रमाणं २०२४ साली ८५ देशांत किमान २४ कोटी २० लाख मुलांचं शिक्षण ऊन, वादळ, पूर अशा कारणांनी अडलं. त्यात सगळ्यात मोठं कारण उष्णतेची लाट. म्हणजे हवामान आता स्वतःच शाळा बंद करतंय.

ग्रेटानं शिक्षण सोडलं नाही. जून २०२३ मध्ये तिनं शाळा पूर्ण केली. तिचं भांडण शाळेशी नव्हतंच, शिकून गप्प बसण्याशी होतं.

मग आपण काय करायचं? शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. पुढच्या सभेला जाल तेव्हा गुरुजींना, बाईंना एवढं सुचवा: मुलांना महिन्यातून एकदा विहिरीचं पाणी मोजायला न्या. पाऊस किती पडला ते फळ्यावर लिहा. आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या एखाद्या आजीला वर्गात बोलवा. पोरं तिला प्रश्न विचारतील. अवघड विचारले, तरी त्यांना गप्प करू नका.

तुमच्या शाळेनं काय ठरवलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी आम्ही ते इथं वाचून दाखवू.