बँटम कोंबडी: शुद्ध कशावरून?



खाशाबा जाधवांचं नाव आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं, ते ५७ किलो वजनाच्या गटात. त्या गटाचं नाव बँटमवेट. आता हे बँटम म्हणजे काय, तर कोंबडी! अंगानं लहान, पण अंगावर धावून जाणारी. तिच्यावरून हलक्या वजनाच्या पैलवानांच्या गटाला हे नाव पडलं.

आज ही कोंबडी घेऊन बसायला कारण आहे. गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या चौघींनी बाजारातून ‘शुद्ध सिब्राइट बँटम’ म्हणून तीन जोड्या आणल्या. शहरातले हौशी लोक अशा पक्ष्यांना चांगले पैसे देतात, असं त्यांनी ऐकलं होतं. विकणाऱ्यानं मोबाइलवर सुंदर फोटो दाखवले. पक्षीही लहानखुरे, पांढऱ्यावर काळी नक्षी असलेले. गटाच्या कर्जातून पैसे दिले. पुढे पिल्लं निघाली ती कुणी पांढरं, कुणी काळं, कुणी तांबूस. शहरातून एक गिऱ्हाईक आलं. त्यानं कोंबड्याची शेपूट पाहिली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. कर्जाचा ठराव माझ्यासमोर झाला होता. शुद्ध कशावरून, हे मीही विचारलं नव्हतं.

शेपूट पाहून त्याला काय कळलं, हे सांगायला मला चारशे वर्षं मागं जावं लागेल.

इंडोनेशियात जावा नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिमेकडे बांतेन नावाचं बंदर होतं, मिरीच्या व्यापाराची मोठी पेठ. शाळेत आपण इंग्रजांची सुरतेची वखार शिकलो, पण तिच्याही आधी साधारण दहा वर्षं त्यांची वखार या बांतेनला होती. डचही तिथंच. जहाजावर जागा कमी, दाणापाणी मोजकं, त्यामुळं त्या भागातल्या छोट्या कोंबड्या खलाशांना सोयीच्या वाटल्या. इंग्रजांच्या तोंडी बांतेनचं बँटम झालं, आणि पुढं कुठल्याही ठेंगण्या कोंबडीला बँटमच म्हणू लागले. म्हणजे बँटम ही एक जात नाही, तो आकार आहे. त्यात पुन्हा दोन प्रकार. काही बँटम मोठ्या जातींच्या लहान आवृत्त्या आहेत. आणि काही मुळातच लहान, त्यांची मोठी बहीण कुठंच नाही. त्यांना खरे बँटम म्हणतात. जपानचा आखूड पायांचा चाबो त्यातला, आणि सिब्राइटही त्यातलाच.

सर जॉन सिब्राइट हा इंग्लंडमधल्या हर्टफोर्डशरचा जमीनदार, पार्लमेंटाचा सभासद. जन्म १७६७, मृत्यू १८४६. जनावरांची पैदास सुधारायची कशी, यावर त्यानं १८०९ साली एक पुस्तिकाही लिहिली. हा गृहस्थ कबुतरांबद्दल म्हणायचा की हवं तसं पीस मी तीन वर्षांत काढून देईन, पण हवं तसं डोकं आणि चोच काढायला सहा वर्षं लागतील. डार्विनसारख्या शास्त्रज्ञानं आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. सिब्राइटच्या मनात एक चित्र होतं: मूठभर कोंबडी, आणि तिच्या प्रत्येक पिसाला काजळानं कड काढावी तशी काळी रेघ. कित्येक वर्षं तो जोड्या लावत राहिला, मनासारखी पिल्लं ठेवत राहिला, बाकीची बाजूला काढत राहिला.

मला खरं कौतुक पुढच्या गोष्टीचं वाटतं. १८१० च्या सुमारास त्यानं या एकाच जातीसाठी मंडळ काढलं. त्याचे सभासद दरवर्षी लंडनच्या एका कॉफीगृहात आपापले पक्षी घेऊन जमायचे आणि ठरलेल्या लक्षणांवर त्यांची पारख व्हायची. आपल्या गटाच्या मासिक बैठकीसारखंच की हे, फक्त हिशेबाच्या वहीऐवजी टेबलावर कोंबडी! माझा पक्षी चांगला, असं नुसतं म्हणून चालायचं नाही, चार जणांसमोर ठेवावा लागायचा. पुढं १८६५ साली इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या जातींची लक्षणं पुस्तकात छापली गेली.

सिब्राइटची ती लक्षणं आपण नीट ऐकून ठेवू. रंग दोन, रुपेरी आणि सोनेरी. पिसाची काळी कड सगळीकडून सारखी, कुठं जाड कुठं बारीक नाही. छातीवर असते तशीच शेपटीवरही. तुरा करवतीसारखा उभा नसतो, पसरट आणि खडबडीत असतो आणि मागं निमुळता होत जातो. पाय निळसर करडे. कोंबडा सुमारे ६२० ग्रॅम, कोंबडी ५१० ग्रॅम. म्हणजे कोंबडा किलोभर भरला तर तिथंच प्रश्न विचारायचा.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे शेपूट. सिब्राइट कोंबड्याला कोयत्यासारखी वळलेली लांब पिसं नसतात. मानेवर, कमरेवर टोकदार पिसंही नसतात. त्याची पिसं कोंबडीसारखीच गोलसर. असं का, हे टी. एच. मॉर्गन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी तपासलं. त्यानं सिब्राइट कोंबडे खच्ची केले, तर त्यांना नवी पिसं आली ती लांब, झोकदार, चांगली कोंबड्याची! पुढं कळलं की या पक्ष्याच्या कातडीतच नराचं संप्रेरक मादीच्या संप्रेरकात बदलतं, म्हणून पिसं मादीसारखी येतात. आमच्या चौघींनी आणलेल्या कोंबड्यांच्या शेपट्या मात्र चांगल्या कमानीसारख्या होत्या. आम्ही त्याच शेपट्यांवर भाळलो होतो.

तरी शेपूट ही पहिली चाळणी झाली. खरी परीक्षा पिल्लांची. दोन्ही रुपेरी पक्ष्यांच्या पोटी पिढ्यान्‌पिढ्या तशीच पिल्लं निघतात का? म्हणून विकत घेताना एक जोडी बघायची नाही. आईबाप आणि आधीची पिल्लं एकत्र बघायला मागायची, पक्षी काट्यावर ठेवायचा. कडकनाथच्या नावाखाली फसलेल्या बायका आपल्यात आहेत. त्याचीही लक्षणं ठरलेली आहेत: तुरा, कातडी, जीभ, मांस काळसर, आणि अंडं मात्र काळं नसतं. काळं अंडं दाखवणारा सरळ थाप मारतोय.

या शुद्धतेला किंमतही पडली. नात्यातल्या नात्यात जोड्या लावून लावून सिब्राइट नाजूक झाला. नरांची फळण्याची ताकद घटली, हेही डार्विननं नोंदवलं. अंडी थोडी, तीही छोटी, आणि कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, पिल्लं दुसरीच्या पोटाखाली काढावी लागतात. आपण एकच कोंबडा तीन-चार वर्षं ठेवतो आणि त्याच्याच पोटच्या तलंगा त्याच खुराड्यात वाढवतो, तेव्हा नकळत हेच करतो. गावरान कोंबड्यांतसुद्धा कोंबडा वेळच्या वेळी दुसऱ्या गावाहून बदलावा. अंडी-मांसावर घर चालवायचं असेल तर सिब्राइट आपल्या कामाचा नाही. तो हौसेचा पक्षी आहे, आणि हौशी गिऱ्हाईक लक्षणं मोजून पैसे देतं.

त्या तीन जोड्यांपैकी दोन कोंबड्या अजून आहेत. त्यातली एक पहिल्याच उन्हाळ्यात खुडूक बसली होती, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. आता तिच्याखाली गावरान अंडी ठेवतात. इवल्याशा अंगाखाली सात अंडी मावतात, मागच्या खेपेला सहा पिल्लं निघाली. कर्जाचे दोन हप्ते राहिलेत.