बाबासाहेबांनी घेतलेलं वकीलपत्र

मागच्या उन्हाळ्यात नगरला आपलं अभ्यास-शिबिर झालं. जामखेडकडचा एक पोरगा आला होता. रात्री गच्चीवर गप्पा चालल्या होत्या, त्यात तो बोलून गेला, मला पोरी आवडत नाहीत, पोरं आवडतात. सगळे फिदीफिदी हसले. एकजण म्हणाला, हे परदेशी पैशाचं फॅड आहे, चळवळीत नको. मीही हसलो. सकाळी त्याची वळकटी जागेवर नव्हती.

तेव्हापासून मी जुना इतिहास धुंडाळतोय. सापडलं ते मांडतो.

१९३४ साल. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. र. धों. कर्वे १९२७ पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काही वर्ज्य नाही. सनातन्यांना ते खुपलं. अश्लीलतेचा खटला उभा राहिला. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बाबासाहेबांनी. अशील ब्राह्मण, विषय बदनाम, आणि स्वतःच्या लढ्याचा डोंगर डोक्यावर. तरी घेतलं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, लोक शंका विचारतात तर उत्तर ज्ञानानंच दिलं पाहिजे, ही त्यांची बाजू. हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार त्यांनी दिला. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हरलेल्या खटल्याची जयंती कुणी करत नाही, म्हणून आपल्या पोरांना तो ठाऊक नाही.

आता परदेशी फॅडाचं बघू. परदेशी होता तो कायदा! मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेल्या १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ आलं. तसलेच कायदे इंग्रजांनी आफ्रिकेत, मलायात नेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. ३७७ चा नुसता संशय आला तरी नाव सरकारी नोंदवहीत. आपल्या पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का आणि हिजड्यांच्या कपाळावरचा शिक्का एकाच कारखान्यातला आहे.

हे कलम मोडायला जगाचा आधार झाला. टास्मानियातल्या असल्या कायद्यानं खाजगी जीवनाचा हक्क मोडतो, असं युनोच्या मानवी हक्क समितीनं १९९४ ला सांगितलं. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ च्या घटनेतच लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी घातली. आपल्याकडे दिल्ली हायकोर्टानं २००९ ला वाट मोकळी केली, सुप्रीम कोर्टानं २०१३ ला बंद केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा उघडली. त्या निकालात आधाराला कोण? बाबासाहेब. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी मांडलेली संविधानिक नीतिमत्ता. पुढच्याच वर्षी बोत्स्वानाच्या कोर्टानं आपल्या या निकालाचा आधार घेतला. अजून साठाहून जास्त देशांत हा गुन्हाच आहे. युगांडात २०२३ च्या कायद्यात फाशीसुद्धा आहे.

ती सरकारं म्हणतात, हा आमचा अंतर्गत प्रश्न. हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? २००१ साली दरबानच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न नको, असं भारत सरकार म्हणत होतं तेव्हाही हाच सूर होता. तरी आपले लोक तिथं गेले, बोलले. १९४६ ला बाबासाहेबांनी डुबॉइसना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. आपण जगाचं दार ठोठावलंय. दुसऱ्यानं ठोठावलं की आपण कडी लावायची?

मात्र पाठिंबा म्हणजे दमदाटी नव्हे. असे कायदे ठेवणाऱ्यांची मदत तोडू, असं ब्रिटननं २०११ ला धमकावलं. आफ्रिकेतल्याच कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला. मदत तुटली की राग आमच्याच माणसांवर निघतो, म्हणाले. ज्याचं दुखतं त्यानं पुढं चालायचं, बाकीच्यांनी मागं उभं राहायचं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि आपला जिल्हा? सोनई २०१३, खर्डा २०१४. वरच्या जातीच्या मुलीशी नाव जोडलं म्हणून दलित पोरं मारली गेली. कुणी कुणावर प्रेम करायचं ते गाव ठरवणार, याविरुद्ध आपण मोर्चे काढले. तेच आपण त्या रात्री गच्चीवर ठरवत होतो.

परवा मी त्या पोराच्या गावाला जाऊन आलो. त्यानं चहा पाजला. म्हणाला, येतो शिबिराला, पण दादा, हसणाऱ्यांत तुम्हीपण होता. मी मान खाली घातली.

पुढचं शिबिर डिसेंबरात आहे. त्याची वळकटी माझ्या शेजारी पडेल. ज्याला हसायचंय त्यानं आधी १९३४ चा खटला वाचून यावं.

जय भीम.