कात्री कुणाच्या हातात? रिचर्ड राइट ते टोनी मॉरिसन

आपल्या चळवळीला अमेरिकेतले कृष्णवर्णीय साहित्य नवे नाही. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याआधी म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तिथल्या 'निग्रो साहित्या'ची ओळख आपल्या लेखकांना करून दिली. पुढे जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तकच लिहिले. तेव्हापासून रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या भाषणांत आणि लेखांत येत राहिली.

पण ही नावे आपण घेतो कशी? 'त्यांनी भोगले, आपणही भोगले' एवढेच म्हणून थांबतो. दुःखाचे नाते खरे आहे, पण ते अर्धेच आहे. भोगलेले लिहिले कसे गेले, छापले कुणी, छापण्याआधी त्यातले काय कापले आणि का कापले, हा इतिहास आपण वाचत नाही. शोषितांच्या साहित्याचा खरा झगडा तिथेच झालेला आहे. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक कात्री असते. ती कुणाच्या हातात आहे, यावर साहित्याचे भवितव्य ठरते.

लेखक घडला कुठे?

रिचर्ड राइटचा जन्म 1908 सालचा, मिसिसिपी राज्यातला. आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले. बाप बटईने शेती कसणारा, आई शाळामास्तरीण. गुलामगिरी कायद्याने 1865 साली संपली होती, पण बटईदार मळेवाल्याच्या कर्जातून कधी बाहेर पडत नसे. मतदान नाही, रेल्वेचा डबा वेगळा, शाळा वेगळी, आणि कुणी मान वर केली तर झुंडीकडून जाहीर हत्या. या व्यवस्थेला 'जिम क्रो' म्हणत. राइट आठ वर्षांचा असताना त्याच्या मावशीच्या नवऱ्याचा गोऱ्यांनी खून केला. गुन्हा एवढाच की त्याचा दारूचा धंदा चांगला चालत होता. खटला नाही, अंत्यविधीही नाही; घरच्यांनी रातोरात गाव सोडले.

मेम्फिस शहरात तरुण राइटला पुस्तके वाचायची होती, पण सार्वजनिक ग्रंथालय कृष्णवर्णीयांना पुस्तक देत नव्हते. त्याने कामावरच्या एका गोऱ्या माणसाचे कार्ड घेतले आणि त्याच माणसाने लिहिली आहे अशी चिठ्ठी स्वतः लिहून ग्रंथपालापुढे ठेवली. आपण फक्त निरोप्या आहोत असे सोंग करून त्याने पुस्तके मिळवली. पाण्याच्या तळ्यावरची बंदी आपल्याला ठाऊक आहे. ही पुस्तकाच्या तळ्यावरची बंदी होती.

1927 साली तो शिकागोला गेला. त्या काळात दक्षिणेतून उत्तरेकडे माणसांचा लोंढाच चालला होता. पहिल्या महायुद्धापासून 1970 पर्यंत सुमारे 60 लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. त्यांना वाट दाखवणारे एक साधन म्हणजे 'शिकागो डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांचे स्वतःचे वृत्तपत्र. रेल्वेत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे गठ्ठे दक्षिणेत पोचवत आणि ते हातोहात फिरत. 1935 नंतर मंदीच्या काळात सरकारने बेकार लेखकांना पगारी काम देणारी 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट' ही योजना काढली. राइट, एलिसन, झोरा नील हर्स्टन, मार्गारेट वॉकर हे सगळे या योजनेच्या पगारावर जगले. साहित्य प्रतिभेतून येते हे खरे, पण प्रतिभेलाही भाकरी लागते. ही बाब प्रस्थापित समीक्षक फारशी सांगत नाहीत.

दानशूर घरमालक

1938 साली राइटचा पहिला कथासंग्रह 'अंकल टॉम्स चिल्ड्रेन' आला. गोऱ्या वाचकांनी कौतुक केले, डोळे पुसले. राइटला त्या अश्रूंचीच चीड आली. वाचक रडतो, मन हलके करतो आणि व्यवस्था तशीच राहते. पुढच्या पुस्तकात रडण्याचीही सोय ठेवायची नाही, असे त्याने ठरवले. ते पुस्तक म्हणजे 1940 सालची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी.

नायक बिगर थॉमस वीस वर्षांचा. आई, भाऊ, बहीण आणि तो शिकागोच्या साउथ साइडमध्ये एकाच खोलीत राहतात, आणि त्या खोलीत उंदीरही आहेत. बिगर एका गोऱ्या श्रीमंत घरी ड्रायव्हर म्हणून लागतो आणि भीतीच्या एका क्षणी त्याच्या हातून मालकाच्या मुलीचा जीव जातो. पुढे तो स्वतःच्या कृष्णवर्णीय मैत्रिणीचा, बेसीचा, जाणूनबुजून खून करतो. कोर्टात मात्र बेसीचे प्रेत आणले जाते ते केवळ गोऱ्या मुलीच्या खटल्यातला पुरावा म्हणून.

या कादंबरीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मालक, मिस्टर डाल्टन. हा गृहस्थ कृष्णवर्णीयांच्या संस्थांना भरपूर देणग्या देतो, पोरांना खेळायला टेबल टेनिसची टेबले देतो. आणि बिगरची उंदीर असलेली खोली ज्या कंपनीची आहे, त्या कंपनीचा मोठा भागधारकही तोच! वकील त्याला विचारतो, शहराच्या इतर भागात तुम्ही कृष्णवर्णीयांना घर का देत नाही? उत्तर येते की तशी रीत आहे, आणि त्यांना आपापल्या लोकांत राहायला आवडते.

ही कल्पना नव्हती. शिकागोत घरांच्या खरेदीखतांतच कृष्णवर्णीयांना घर विकू नये, भाड्याने देऊ नये अशी अट घातली जाई. अशा अटी न्यायालयांनी बजावू नयेत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1948 साली आला. तोवर एकेका फ्लॅटचे तुकडे करून खुराडी बनवली गेली आणि त्यांचे भाडे दुप्पट-तिप्पट वसूल झाले. एका हाताने वस्ती कोंडायची आणि दुसऱ्या हाताने तिला दान द्यायचे, हा डाल्टन आपल्या ओळखीचा आहे. आडनाव ऐकून खोली नाकारणारा आणि 14 एप्रिलला शुभेच्छांचा फलक लावणारा माणूस आपण प्रत्येकाने पाहिला आहे.

पुस्तकाचा अर्धा भाग गेला कुठे?

आता कात्रीकडे येऊ. त्या काळी अमेरिकेत 'बुक ऑफ द मंथ क्लब' नावाची संस्था दरमहा एक पुस्तक निवडून सभासदांच्या घरी पाठवत असे. क्लबने निवडले की पुस्तक लाखोंच्या घरात पोचलेच. 'नेटिव्ह सन' ही क्लबने मुख्य निवड म्हणून घेतलेली कृष्णवर्णीय लेखकाची पहिली कादंबरी. पहिल्या तीन आठवड्यांतच दोन लाखांहून अधिक प्रती खपल्या. पण निवडीआधी क्लबने काही प्रसंग बदलायला लावले. विशेषतः गोऱ्या मुलीच्या बाजूनेही आकर्षण होते असे सुचवणारा मजकूर सौम्य झाला. ते आकर्षण गोऱ्या वाचकाला पचणारे नव्हते.

खरा घाव चार वर्षांनी बसला. राइटने आत्मकथन लिहिले. त्याचे दोन भाग होते : पहिला दक्षिणेतल्या बालपणाचा, दुसरा शिकागोतल्या आयुष्याचा. नाव होते 'अमेरिकन हंगर', म्हणजे अमेरिकन भूक. 1944 साली क्लबने दुसरा भाग वगळण्याची मागणी केली. राइटने ती मान्य केली. 1945 साली पुस्तक 'ब्लॅक बॉय' या नव्या नावाने आले आणि गाजले.

या कापण्याने काय झाले ते नीट पाहा. छापलेले पुस्तक संपते तेव्हा नायक उत्तरेकडे निघालेला असतो. वाचकाला वाटते, वाईट सगळे तिकडे दक्षिणेत आहे, इकडे आशा आहे. वगळलेल्या भागात याच उत्तरेत राइट पुन्हा उपाशी असतो. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात कृष्णवर्णीय कामगार तळघरात राबतात. दोघांच्या भांडणात प्रयोगाच्या प्राण्यांचे पिंजरे उलटतात, घाबरलेले कामगार हाताला येईल तो प्राणी हाताला येईल त्या पिंजऱ्यात कोंबतात, आणि संशोधक डॉक्टरांना त्याचा पत्ताही लागत नाही. कारण या माणसांना कुणी कधी काही विचारतच नाही. कम्युनिस्ट पक्षात गेलेल्या कृष्णवर्णीय लेखकाला तिथेही कसे संशयाने वागवले गेले, तेही त्याच भागात आहे.

म्हणजे शोषणाच्या जाहीर शत्रूविरुद्ध लिहिलेले चालले. मित्र म्हणवणाऱ्यांविरुद्ध लिहिलेले कापले गेले. क्लबच्या निवड समितीतल्या डोरोथी कॅनफिल्ड फिशर यांनी तर पुस्तकाच्या शेवटी अमेरिकेच्या उदात्त आदर्शांबद्दल काही चांगले लिहावे, असा आग्रह राइटकडे धरला होता. दुसऱ्या भागातले काही तुकडे तेव्हा मासिकांत आले. पण तो पुस्तकरूपाने यायला 1977 उजाडले आणि दोन्ही भाग लेखकाला हवे तसे एकत्र छापले गेले ते 1991 साली. राइट 1960 सालीच पॅरिसमध्ये वारला होता.

आणि इतके कापूनही सुटका नव्हती. 1945 सालीच मिसिसिपीचे सिनेटर बिल्बो यांनी सिनेटमध्ये 'ब्लॅक बॉय'वर आगपाखड केली. 1976 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळा मंडळाने जी पुस्तके ग्रंथालयातून काढली त्यांत हेही होते. विद्यार्थ्यांनी लढा दिला आणि 1982 साली सर्वोच्च न्यायालयात निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने गेला.

लाहोरची आठवण

इथे आपल्याला 1936 आठवलेच पाहिजे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण मागवले आणि मग वेदांवरचा आणि धर्मांतराचा मजकूर गाळण्याची मागणी केली. मंडळ जातीच्या बाजूचे नव्हते, सुधारकांचे होते. कात्री इथेही मित्रांच्याच हातात होती. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'.

यावरून राइटला भित्रा ठरवणे अन्यायाचे होईल. लेखणी हीच त्याची रोजीरोटी होती आणि त्याच्या मागे संघटित वाचकवर्ग नव्हता. बाबासाहेबांच्या मागे मात्र समाज उभा होता. 'मूकनायक'पासून 'जनता'पर्यंत स्वतःच्या पत्रांची परंपरा होती. स्वाभिमान हा केवळ व्यक्तीचा गुण नसतो, त्याला आधार लागतो. छापखाना, वाचक आणि वर्गणी हा तो आधार.

आपल्या हातातली कात्री

पण कात्री फक्त त्यांच्याच हातात असते असे समजू नका. झोरा नील हर्स्टन ही फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनीच वसवलेल्या आणि चालवलेल्या गावात वाढली. 1937 साली तिची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी आली. बोलीभाषेतली, एका बाईच्या प्रेमाची आणि स्वातंत्र्याची गोष्ट. 'न्यू मासेस' या डाव्या नियतकालिकात तिच्यावर टीका कुणी केली? राइटनेच! या कादंबरीत विषय नाही, विचार नाही, ही गोऱ्या वाचकाला रिझवणारी आहे, असा त्याचा आरोप होता. ज्याच्या लिखाणावर पुढे अन्यायाने कात्री चालली, त्याने आधी एका बाईच्या अनुभवाला 'राजकीय नाही' म्हणून बाद केले होते. हर्स्टनने शेवटच्या काळात मोलकरणीचे कामही केले. 1960 साली ती गरिबीत वारली, थडग्यावर नावही नव्हते. 1973 साली ॲलिस वॉकर या तरुण लेखिकेने ती जागा शोधून तिथे दगड बसवला. आज तीच कादंबरी विद्यापीठांत शिकवली जाते.

आपल्या मंचावर एखादी मुलगी घरातल्या बापाबद्दल, नवऱ्याबद्दल लिहिते तेव्हा 'यात आंबेडकरी विचार कुठे आहे?' असे विचारणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

खुर्ची मिळवणे

टोनी मॉरिसनने वेगळा रस्ता धरला. नोबेल मिळवणारी कादंबरीकार म्हणून आपण तिला ओळखतो. पण 1983 पर्यंत ती 'रँडम हाउस' या बड्या प्रकाशनात संपादक होती. म्हणजे कात्री असलेल्या खुर्चीवरच ती जाऊन बसली. तिथून तिने अँजेला डेव्हिसचे आत्मचरित्र, गेल जोन्स आणि टोनी केड बंबारा यांची पुस्तके काढली. 1974 साली 'द ब्लॅक बुक' काढले. त्यात वृत्तपत्रांची कात्रणे, फोटो, कृष्णवर्णीयांनी घेतलेली पेटंटे, असा तीन शतकांचा दस्तऐवज आहे.

त्यातल्या एका कात्रणात मार्गारेट गार्नर होती. 1856 साली ही गुलाम स्त्री गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. मालकाची माणसे पोचली तेव्हा लेकीला पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचे नाही म्हणून तिने तिचा जीव घेतला. तिच्यावर खुनाचा खटला चालला नाही. खुनी ठरवायचे तर आधी माणूस मानावे लागले असते. मालमत्ता म्हणून तिला परत पाठवले गेले. याच घटनेतून 1987 साली 'बिलव्हेड' ही कादंबरी जन्मली. म्हणजे आधी संग्रह, मग कादंबरी.

'बिलव्हेड'ला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले नाही. त्याच डिसेंबरात बाल्डविन हे पारितोषिक किंवा पुलित्झर न मिळताच वारला होता. जानेवारी 1988 मध्ये 48 कृष्णवर्णीय लेखकांनी सह्या करून जाहीर निवेदन छापले. त्याच वर्षी 'बिलव्हेड'ला पुलित्झर मिळाले. 1993 साली मॉरिसनला नोबेल मिळाले.

मित्रांनो, या इतिहासातून घ्यायचे ते सरळ आहे. प्रस्थापित प्रकाशनाचा फोन आला म्हणून हुरळू नका, आधी विचारा : काय गाळायला सांगता? पुरस्काराआधी वाचक उभा करा. आपल्या लेखकाचे पुस्तक फुकट मागू नका, विकत घ्या. आजोबांच्या पेटीतली पत्रके, सभांच्या नोटिसा, जुने 'जनता'चे अंक रद्दीत जाऊ देऊ नका. उद्याची कादंबरी त्यातच पडलेली आहे. आणि आपल्यातल्याच कुणाच्या लिखाणावर कात्री चालवण्याआधी हर्स्टनचे बिननावाचे थडगे आठवा.

जय भीम!