टोचन (वाहन ओढून नेणे)

टोचन म्हणजे बंद पडलेले किंवा स्वतःच्या इंजिनावर चालवायचे नसलेले वाहन दुसऱ्या वाहनाला जोडून ओढत नेण्याची क्रिया. ओढल्या जाणाऱ्या वाहनाची चारही चाके रस्त्यावर टेकून फिरत असतील, तर त्यास सपाट टोचन असे म्हणता येते. जीपसारखी चारचाकी चालनाची (फोर व्हील ड्राइव्ह) वाहने या पद्धतीने नेण्याची प्रथा जगभर आहे. मात्र ओढणारे वाहन ओढल्या जाणाऱ्या वाहनापेक्षा हलके असेल, तर ही क्रिया धोकादायक ठरते. अशा वेळी ओढण्याच्या शक्तीपेक्षा थांबवण्याची क्षमता अधिक महत्त्वाची असते.

संज्ञा

‘टोचन’ हा बोलीभाषेतील शब्द इंग्रजीतील ‘टो चेन’ या शब्दांवरून आला असल्याचे मानले जाते. मूळ अर्थ ओढण्याची साखळी असा असला, तरी मराठीत साखळी, दोरखंड, लोखंडी दांडा आणि ओढण्याची क्रिया या सर्वांसाठी तो वापरला जातो. ‘टोचन लावणे’, ‘टोचन करून नेणे’ हे वाक्प्रयोग चालक व गॅरेज कारागीर यांच्या बोलण्यात रूढ आहेत. चिखलात रुतलेले वाहन बाहेर काढणे ही वेगळी क्रिया आहे. त्यात अंतर थोडे पण झटका मोठा असतो, तर टोचनात अंतर मोठे असून ओढ संथ व सलग ठेवावी लागते.

प्रकार

• लवचीक टोचन : दोरखंड, पट्टा, साखळी किंवा तारेचा दोर वापरून केलेले टोचन. यात मागील वाहन स्वतःच्या ब्रेकनेच थांबते, म्हणून त्याचे ब्रेक व सुकाणू चालू स्थितीत असणे आणि चालक आसनावर असणे अपरिहार्य असते.
• ताठ टोचन : लोखंडी दांडा किंवा ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट वापरून केलेले टोचन. मागील वाहन पुढच्यावर आदळत नाही. परंतु त्याचे ब्रेक वापरले गेले नाहीत, तर त्याचा सर्व रेटा पुढच्या वाहनावर येतो.
• उचलून ओढणे : पुढील किंवा मागील दोन चाके क्रेनने उचलून नेणे.
• सपाट तळाच्या वाहनावर चढवून नेणे : यात एकही चाक रस्त्यावर फिरत नाही. हा सर्वांत सुरक्षित प्रकार मानला जातो.

अमेरिकेत निवासी मोटारीच्या मागे जीप ताठ दांड्याने जोडून लांबच्या सहलीस नेतात. तेथे ओढणारे वाहन बहुधा अनेक पटींनी जड असते आणि मागील वाहनात पूरक ब्रेक यंत्रणा बसवलेली असते. भारतात टोचन मुख्यतः बिघाडाच्या प्रसंगी केले जाते आणि जे वाहन जवळ उपलब्ध असेल तेच वापरले जाते. त्यामुळे वजनाचे प्रमाण उलटे होण्याची शक्यता येथे अधिक असते.

वजन, वेग व उतार

‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखला जाणारा टाटा एस हा छोटा मालवाहू ट्रक २००५ साली बाजारात आला. त्याच्या मूळ प्रतिकृतीत ७०२ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरी डिझेल इंजिन होते. रिकाम्या स्थितीत अशा ट्रकाचे वजन एक टनापेक्षा कमी असते. चारचाकी चालनाच्या जीपचे वजन दीड टनाहून अधिक असू शकते.

उदाहरणादाखल चालकासह ट्रकाचे वजन ९०० किलो व जीपचे १,७०० किलो धरल्यास जोडीचे एकूण वजन २,६०० किलो होते. केवळ ट्रकाच्या ब्रेकवर ही जोडी थांबवायची असेल, तर तेवढ्याच ब्रेकबलाने थांबण्यास सुमारे तिप्पट अंतर लागेल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ताशी २० किलोमीटरऐवजी ४० किलोमीटर वेग ठेवल्यास ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते.

उतारावर यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते. २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर १,७०० किलोची जीप सुमारे ८५ किलो भाराइतक्या बलाने सतत पुढे रेटत राहते. रिकाम्या ट्रकाच्या मागील चाकांवर वजन कमी असल्याने त्यांची रस्त्यावरील पकड सैल असते. ताठ दांड्यातून येणारा हा रेटा वळणावर तिरका लागला, तर ट्रकाचा मागील भाग बाजूला फेकला जाऊन दोन्ही वाहने एकमेकांकडे दुमडू शकतात. ट्रकात मर्यादेत वजन भरल्यास पकड सुधारते. मात्र ब्रेकवरील भारही वाढतो.

ओढल्या जाणाऱ्या वाहनाची तयारी

चारचाकी चालनाच्या वाहनात इंजिनाची शक्ती पुढील व मागील आसांना वाटून देणारी पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ज्या वाहनांत या पेटीस स्वतंत्र न्यूट्रल स्थिती असते, त्यांत ती स्थिती निवडल्यास चाकांची फिरत गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत नाही. गिअर कोणत्या स्थितीत ठेवावा याबाबत उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी. न्यूट्रल नसलेली सर्वचाकी चालनाची वाहने चारही चाकांवर ओढू नयेत.

स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये वंगण फिरवणारा पंप सामान्यतः इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरवल्यास आतील भाग वंगणाविना घासून निकामी होऊ शकतात.

सुकाणूचे कुलूप उघडे राहावे म्हणून किल्ली योग्य स्थितीत ठेवावी लागते. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेकला साह्य करणारी निर्वात यंत्रणाही दोन-तीनदा पायटा दाबल्यावर संपते व त्यानंतर पायटा फार जोराने दाबावा लागतो. इंजिन चालू राहू शकत असेल, तर टोचनाच्या वेळी ते चालू ठेवणे हितावह असते. ब्रेक निकामी झालेले वाहन दोराने कधीही ओढू नये.

जोडणी

दोर किंवा दांडा सांगाड्याला जोडलेल्या ओढहुकातच अडकवावा. बंपर, सुकाणूचे दांडे किंवा आसाचे भाग यांस तो बांधू नये. ताणलेला दोर किंवा तुटलेला हुक गोळीसारखा उसळतो. म्हणून दोर ताणताना आसपास कोणी उभे राहू नये व दोराच्या मध्यावर जाड गोणपाट किंवा घोंगडी टाकावी. त्यामुळे दोर तुटल्यास त्याची उसळी कमी होते.

सुरुवातीस दोर हळूहळू ताणून मग गती घ्यावी. मागील चालकाने ब्रेकवर हलका पाय ठेवून दोर ताणलेला ठेवावा. पुढील चालकाने ब्रेक लावण्यापूर्वी हाताने इशारा देणे आवश्यक असते. ताशी २४ किलोमीटर वेगात वाहन एका सेकंदात सुमारे ६.७ मीटर जाते, म्हणजे ५ मीटरचे अंतर पाऊण सेकंदात कापले जाते.

बुलढाणा जिल्ह्यातील परिस्थिती

बुलढाणा जिल्ह्याच्या भूरचनेमुळे टोचनाचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. जिल्ह्याचे मुख्यालय अजिंठा डोंगररांगेवर असून उत्तरेकडील मलकापूर, नांदुरा व शेगाव हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो, तर खामगावकडील रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथा घाटाने जातो. डोंगरमाथ्यावर बंद पडलेली जीप खोऱ्यातील गॅरेजपर्यंत नेताना उतार टाळता येत नाही. येथे हलक्या ट्रकाऐवजी जड वाहन किंवा सपाट तळाचे वाहन वापरणे योग्य ठरते. पर्याय नसल्यास ट्रक पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, मागील चालकाने ब्रेकचा वाटा उचलत उतरावे. घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे घातक असते.

पावसाळ्यात काळ्या चिकणमातीत रुतलेली वाहने काढण्यासाठी ग्रामीण भागात ट्रॅक्टर वापरला जातो. त्यासाठी झटका सोसणारा पट्टा लागतो. साखळीने झटका दिल्यास हुक तुटण्याचा संभव असतो.

मेहकर व सिंदखेड राजा परिसरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. अशा रस्त्यावर संथ टोचन करण्यापेक्षा वाहन कडेला घेऊन, प्रवाशांनी कठड्यापलीकडे थांबून क्रेनची वाट पाहणे सुरक्षित असते. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

कायदेशीर तरतुदी

१९८९ च्या ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’मध्ये टोचनासंबंधी पुढील अटी होत्या :

• बिघडलेले किंवा अपूर्ण जोडणीचे वाहन, नोंदणीकृत ट्रेलर व साइडकार यांखेरीज अन्य वाहन ओढू नये.
• सुकाणूची चाके उचललेली नसल्यास मागील वाहनात परवानाधारक चालक असावा.
• दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे.
• दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी असावी.
• मागील वाहनाच्या पाठीमागे पांढऱ्या पृष्ठभागावर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहावे.
• वेग ताशी २४ किलोमीटरहून अधिक नसावा.

२०१७ साली या नियमांची जागा मोटार वाहने (चालन) विनियमांनी घेतली. त्यांतही टोचनासाठी स्वतंत्र तरतूद आहे. बिघडलेले वाहन वाहतुकीस अडथळा होईल असे ठेवल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०१ नुसार दंड होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मर्यादा ५०० रुपये आहे.

विमा

मालवाहू वाहनांच्या प्रचलित विमापत्रांनुसार एक बिघडलेले वाहन ओढत असताना विमा लागू राहतो. परंतु त्यासाठी मोबदला घेतलेला नसावा लागतो. ओढल्या जाणाऱ्या वाहनाचे नुकसान मात्र ओढणाऱ्याच्या विम्यातून भरून मिळत नाही. भाडे ठरवून केलेल्या टोचनात अपघात झाल्यास छोट्या ट्रकाच्या मालकावर मोठा आर्थिक भार पडू शकतो.