पडक्या चाळी आणि यादीबाहेरची माणसे

मुंबईतील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर मिळाले. ही बातमी मी मुखेडला वाचली. आनंद झाला. त्या चाळींतून आंबेडकरी चळवळीने श्वास घेतला आहे आणि तेथील माणसांना मिळालेले घर हे कुणाचे दान नव्हे. शंभर वर्षे अंग आखडून झोपल्याची ती उशिरा झालेली भरपाई आहे.

परंतु बातमी वाचताना मला माझ्या थोरल्या चुलत्यांची आठवण झाली आणि एक प्रश्न मनातून जाईना. सरकार जेव्हा मोडकळीस आलेली घरे गरिबांसाठी नवी करावयास काढते, तेव्हा ते ‘गरीब’ कोणास म्हणते? या प्रश्नाचे उत्तर आजच्या योजनेच्या कागदांत सापडत नाही. त्यासाठी चाळींच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

१

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि गोऱ्या सरकारला गरिबांच्या खोल्या प्रथमच दिसल्या. गरिबांच्या खोल्यांतील रोग मलबार हिलपर्यंत पोहोचू शकतो, ही त्यामागची भीती होती. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि काही चाळी बांधल्या. ज्यांची घरे पाडली त्यांपैकी फार थोडे त्या चाळींत गेले. परळच्या पोयबावाडीतील अशाच एका चाळीत बाबासाहेबांच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे दोन लहान खोल्यांत संसार केला. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला हा माणूस ‘राजगृह’ बांधून होईपर्यंत तेथेच राहत होता, हे आपण अभिमानाने सांगतो. अभिमानाबरोबर हेही सांगितले पाहिजे की त्या खोल्या भाड्याच्या होत्या आणि म्हणूनच त्या त्यांच्या कुटुंबाला मिळू शकल्या.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. याच खात्याच्या आद्याक्षरांवरून चाळींना ‘बी. डी. डी.’ हे नाव पडले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. पैसा उभारण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला. नांदेड-परभणीकडचा कापूसही रेल्वेने मुंबईस जात असे. म्हणजे या चाळींच्या पायात आमच्या शेतमजुरांचा घामही थोडाफार मुरलेला आहे. आमचा कापूस मुंबईत पोहोचला. माणसे मात्र फार उशिरा पोहोचली.

पन्नास हजारांच्या संकल्पातून प्रत्यक्षात सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून अंधारा बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या, संडास-मोरी सामाईक. भिंती सिमेंट-काँक्रीटच्या, त्यामुळे उन्हाळ्यात भट्टी. भाडे कामगाराच्या पगाराच्या मानाने जड आणि वरळी तेव्हा एका टोकाला. परिणामी हजारो खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रही कोंडण्यासाठी सरकारने वरळीच्या चाळींचाच तुरुंग केला. गरिबांचे घर आणि तुरुंग यांत त्या सरकारला फारसा फरक दिसला नाही.

२

चाळी भरल्या त्या पुढच्या काळात. कोकणातून, सातारा-सांगलीकडून, देशावरून माणसे आली. त्यांत महार समाजाची कुटुंबेही आली. गिरणीत विणकाम खात्याचा पगार चांगला, पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या ओठांचा धागा सवर्ण कामगारास चालत नसे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कमी पगाराच्या खात्यांत राहूनही आपल्या माणसांनी त्या खोल्या धरून ठेवल्या, जयंत्या केल्या, वाचनालये काढली, मुले शिकवली.

या सगळ्या काळात मराठवाड्यातला आमचा समाज कोठे होता? आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमची पोट भरण्याची वाट हैदराबादकडे जात होती. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तोवर मुंबईतल्या सरकारी खोल्यांची भाडेपुस्तके दुसऱ्यांच्या नावांनी भरून गेली होती. १९७२ च्या दुष्काळाने आमच्या तालुक्यांतून माणसे मुंबईकडे लोटली. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला, तेव्हा आणखी काही गेली. ती सर्व माणसे खोल्यांत नव्हे, खोल्यांच्या बोळांत, झोपड्यांत आणि फुटपाथवर उतरली.

माझे थोरले चुलते त्यांपैकी एक. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. दुष्काळी कामावर खडी फोडून आणि सुकडी खाऊन ते १९७३ मध्ये मुंबईस गेले. मध्य मुंबईतल्या एका चाळीत सातारकडच्या एका बौद्ध कुटुंबाने त्यांना आसरा दिला. जेवणाचे आणि झोपण्याचे पैसे ते महिन्याला देत. झोपण्याची जागा म्हणजे खोलीच्या दारापुढची बोळातली एक सतरंजी. रात्रपाळी असली की दिवसा खोलीत, दिवसपाळी असली की रात्री बोळात. असा संसार त्यांनी बावीस वर्षे केला. मध्ये एकदा खोल्यांतली माणसे लिहून घेण्यासाठी एक कारकून आला. घरमालकीणबाईंनी सांगितले, “ते व्हय? आमचं पाव्हणं हाईत, गावाकडनं आल्यात.” त्या बाईंचा मी दोष मानीत नाही. पोटभाडेकरू दाखविला तर त्यांचीच खोली जाण्याचे भय होते. तात्या म्हातारपणी गावी परतले तेव्हा हसून सांगत, “बावीस वर्सं एकाच घरी पाव्हणा ऱ्हायलेला मानूस तुमी बगितलाव का?”

त्या खोलीचा नंबर त्यांना मरेपर्यंत पाठ होता. खोलीच्या कुठल्याही कागदावर त्यांचे नाव नव्हते.

३

मुंबईच्या घरांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा एका अर्थाने याद्यांचा इतिहास आहे. जुन्या खाजगी इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा झाला. त्यात भाडेकरू मोजले गेले. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईच्या झोपड्यांची गणना झाली. ज्याला फोटोपास मिळाला तो माणूस ठरला, ज्याला मिळाला नाही तो अतिक्रमण ठरला. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने त्या वर्षीची १ जानेवारी ही तारीख धरली, पुढे ती २००० पर्यंत आणली. दर वेळी तारीख पुढे सरकली आणि दर वेळी तिच्यापलीकडे नवी माणसे उभी होतीच. शहरात अगोदर येणे ही एक प्रकारची मालमत्ता झाली. ती कोकणाकडे होती, साताऱ्याकडे होती. मराठवाड्याकडे नव्हती.

यादीत असणे म्हणजे सुरक्षित असणे, असेही नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतच दलित पँथरच्या सभेवर दगड पडले, दंगल पेटली आणि ती नायगावपर्यंत पसरली. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव मारले गेले. न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. एकाच सरकारने बांधलेल्या, एकाच मापाच्या खोल्यांतही जात आपापली चाळ ओळखून राहत होती. भिंत सारखी केल्याने माणूस सारखा होत नाही, हा त्या दंगलीचा धडा आहे.

४

पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले त्या अमेरिकेतील काळ्या लोकांचा अनुभव येथे ताडून पाहण्यासारखा आहे. १९३० नंतरच्या दशकात तेथील सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि काळ्यांच्या वस्त्या तांबड्या रंगाने रंगविल्या. तांबडा भाग म्हणजे कर्ज देण्यास धोक्याचा. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पडझड. मग तीच पडझड तेथील माणसांच्या नावावर मांडली गेली. १९७३ पासून विल्मिंग्टन, बाल्टिमोर या शहरांनी ओस पडलेली घरे नाममात्र किमतीला, अगदी एका डॉलरलाही, द्यावयास सुरुवात केली. अट अशी की घेणाऱ्याने ती दुरुस्त करावीत आणि त्यात राहावे. काही वस्त्या त्यामुळे सुधारल्या, हे खरे. पण दुरुस्तीचा खर्च आणि कर्जाचे हप्ते ज्याला पेलतील त्यालाच एका डॉलरचे घर परवडणार. किंमत एक डॉलर होती, तरी दार सर्वांना उघडे नव्हते.

आपल्याकडची रीत वेगळी आहे. येथे पडके घर विकत नाहीत, त्याच्या डोक्यावरचे आकाश विकतात. म्हाडा भाडेकरूला विनामूल्य घर देते आणि खर्च त्याच जमिनीवर उंच इमारती बांधून, त्यांतील घरे बाजारभावाने विकून वसूल करते. एकट्या वरळीच्या चाळींखाली सुमारे एकोणसाठ एकर जमीन आहे. जुन्या भाडेकरूला घर मिळाले, पैसेवाल्याला घर मिळाले. सरकारच्या हिशेबात सर्वांचे भागले.

एकाचे मात्र भागले नाही. चाळ ही भाड्याची होती, सरकारच्या मालकीची होती. भाडे थोडे असल्याने तिच्या आडोशाने पोटभाडेकरू राहू शकत होता, खानावळ चालू शकत होती, गावाकडून आलेला पोरगा बोळात सतरंजी टाकू शकत होता. ती जागा माणसाला शोभणारी नव्हती, हे मी सांगावयास नको. पण शहरात शिरण्याचे ते एक दार होते. आता हजारो भाड्याच्या खोल्यांच्या जागी मालकीची घरे येत आहेत आणि तेवढ्या नव्या सरकारी भाड्याच्या खोल्या कोठेही बांधल्या जात नाहीत. उद्या आमचा मुलगा मुंबईस गेला तर तो खाजगी दलालाकडे जाईल. तेथे पगाराच्या आधी आडनाव विचारतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

५

वरळीला किल्ल्या वाटल्या त्याच आठवड्यात, १८ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास, आमच्या मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातील हसनाळ, रावणगाव या गावांत रातोरात पाणी शिरले. माणसे मेली, घरे आणि जनावरे गेली. या प्रकल्पाच्या पुनर्वसनाचा प्रश्न काही दशके रेंगाळलेला आहे. माझ्या वर्गात तालुक्यातल्या अशा गावांची मुले बसतात. शिक्षण झाले की किंवा त्याआधीच ती पुणे, मुंबई, हैदराबाद गाठणार. तात्यांना निदान बोळ मिळाला. यांना काय मिळणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. वरळी-नायगावच्या आपल्या बांधवांना मिळालेल्या घरातला एक चौरस फूटही कमी होता कामा नये. पण त्या जमिनीवर विक्रीसाठी जी घरे उभी राहत आहेत, त्यांतील काही हिस्सा सरकारने न विकता स्वतःच्या मालकीचा ठेवावा आणि तेथे येणाऱ्या कष्टकऱ्यांना, जात न विचारता, पगाराला झेपेल अशा भाड्याने खोल्या द्याव्यात. १९२० च्या परक्या सरकारने, स्वार्थापोटी का होईना, भाड्याच्या खोल्या बांधल्या. आपल्या सरकारला ते अशक्य नाही. आणि माणसे लिहून घ्यावयास कारकून येईल तेव्हा त्याने खोली कुणाच्या नावावर आहे हे विचारावेच, पण रात्री तेथे कोण झोपते हेही विचारावे. आपल्या चळवळीने घराच्या मागणीत हा दुसरा प्रश्न घातला नाही, तर आपलीच अर्धी माणसे पुढची पन्नास वर्षे पाहुणी म्हणून राहतील.